लोखंडाचे ऋण

फुलबाजीतून उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचा जळता कीस, असे मी वर्गात सांगत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, मग लोखंड कुठून आलं?" "जमिनीतून," म्हणून मी सुटलो. (अशी सुटका आम्हा शिक्षकांना चांगली जमते.) पण मनातून प्रश्न जाईना, पुस्तके चाळली.

१९३० साली चंद्रशेखर नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण मुंबईहून बोटीने विलायतेला निघाला आणि वाटेत ताऱ्यांचे गणित मांडीत बसला. इंधन संपलेला, निवत चाललेला तारा म्हणजे श्वेत बटू. आकाराने पृथ्वीएवढा, वस्तुमानाने सूर्याच्या तोलाचा. त्याच्या वस्तुमानाला मर्यादा आहे, असे त्या गणितातून निघाले. ती सूर्याच्या सुमारे १.४ पट. शेजारच्या ताऱ्याचे द्रव्य ओढीत, किंवा दुसऱ्या बटूशी मिसळून, त्याची अवस्था अशी होते की पोटातला कार्बन एकदम पेटतो. सूर्य उभ्या आयुष्यात देईल तेवढी ऊर्जा काही क्षणांत मोकळी होते आणि बहुधा तारा पुरता नाहीसा होतो. त्या आगीत निकेल घडते, निकेलचे कोबाल्ट होते, आणि काही महिन्यांत बहुतेक कोबाल्टचे लोखंड. कुरुंदवाडात जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या पथकाला २४ ऑगस्ट २०११ रोजी असाच एक स्फोट दिसला. दोन कोटी वर्षे चाललेला त्याचा प्रकाश पृथ्वीवर येऊन तेव्हा काही तासच झाले होते. आपल्या विळ्याकोयत्यांतल्या, रक्तातल्याही लोखंडाचा मोठा वाटा अशा जुन्या स्फोटांचा आहे.

ज्याने शेजाऱ्याचे ओढले, ज्याच्या मनात द्यायचे नव्हते, किंबहुना ज्याला मनच नव्हते, त्याचे ऋण मानायचे का? मला वाटते, मानावे. देणाऱ्याचा हेतू काही असो, आपण घेतले आहे एवढे खरे. शिवाय ताऱ्याचे ऋण मानायला काही पडत नाही. तो दारात येऊन पैसे मागत नाही.

धनत्रयोदशीला नेवाशाच्या बाजारात विळीला धार लावायला गेलो. लोहाराच्या पालापुढे पाथर्डीकडची ऊसतोडीची जोडपी कोयते घेऊन बसली होती. माझी पाळी आली. लोहारणीने सांगितलेल्या पैशांतले दहा रुपये मी घासाघीस करून कमी केले. भात्याचे चाक फिरवणारा मुलगा माझ्याकडे पाहून ओळखीचे हसला. मागच्या बाकावरचाच तो.

त्या दहा रुपयांत आणखी थोडे घालून मी फुलबाज्यांचे एक पुडके घेतले.