स्वभावाच्या आडून

घरच्यांवर काढलेल्या रागाबद्दल एका नवऱ्याने मागितलेल्या माफीच्या चित्रफितीवर या आठवड्यात सगळ्यांचं बोलून झालं आहे. कॅमेऱ्याकडे बघून मागितलेली माफी ही माफी नसते, हे या स्तंभात पूर्वीही लिहिलं आहे. पण खरा संताप यावा असं वाक्य शेवटी आलं: ‘काय करणार, माझा स्वभावच असा आहे.’ आणि त्यावर माना डोलावणारे लोक हजारोंनी निघाले.

कामाचा ताण होता, दारू जास्त झाली, तिनेच सुरुवात केली, या सबबी निदान तपासता तरी येतात. स्वभावाची सबब तपासायला कोणी जात नाही. जाऊन पाहावं. वरिष्ठांनी चारचौघांत झापलं तर हा स्वभाव गप्प बसतो. वाहतूक पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली की हात जोडतो. बँकेत, सोसायटीच्या सभेत, व्याह्यांसमोर त्याचा आवाज चढत नाही. घराची कडी लागली आणि समोर बायको किंवा म्हातारी आई असली की मात्र तो अनावर होतो. माणूस आणि जागा बघून ज्याला राग गिळता येतो, त्याला तो घरीही गिळता येतो. वर पुन्हा ‘पण मी मनात काही ठेवत नाही’ हे स्वतःचंच प्रशस्तिपत्र. मनात ठेवायचं काम त्याने ऐकणाऱ्यावर टाकलेलं असतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात अपमान, हेटाळणी आणि टोमणेही हिंसाचारात मोडतात, हात उचलला नसला तरी.

स्वभावाची ढाल न करताही बदलता येतं, याचं एक उदाहरण गांधींचं. डर्बनमधल्या घरात १८९८ मध्ये तिशीच्या आतल्या गांधींनी कस्तुरबांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं होतं. कारण एका कारकुनाचं मूत्रपात्र. ते त्या उचलत होत्या, पण रडत. आणि नवऱ्याचा हट्ट होता की हसतमुखाने उचला. परक्या देशात मी जाऊ कुठे, असं त्यांनी विचारल्यावर गांधी शरमले. १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये आत्मकथा क्रमशः लिहिताना त्यांनी हा प्रसंग सविस्तर मांडला. तेही जाहीरच होतं, असं कोणी म्हणेल. फरक असा की मधली पंचवीसहून अधिक वर्षं ते स्वतःला बदलत होते आणि लिहिताना त्यांनी दोष स्वतःकडे घेतला, तापट स्वभावाकडे नाही. तरीही सगळं सावरलं नाही. थोरले चिरंजीव हरिलाल १९११ मध्ये घर सोडून गेले. तो दुरावा अखेरपर्यंत मिटला नाही.

विश्वास परत येतो तेव्हा दुखावलेल्या माणसाच्या चालीने येतो, कधी येतही नाही. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटालाही अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. ती न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. नवरा-बायको दोघंही राजी असताना कायदा इतका विचार करायला लावतो. घरात मात्र सकाळच्या भांडणाची माफी रात्रीच्या पानावर मिळालीच पाहिजे, नाहीतर तीच ताणून धरते म्हणतात.

‘आता सोडून दे’ हे तिला सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तेवढीच घाई त्याच्या बाबतीत करावी. समुपदेशकाची वेळ एका फोनवर मिळते. तो फोन त्याने स्वतः करायचा आहे, बायकोने करून द्यायचा नाही.