नाव लपतं, खोड लपत नाही

विकिपीडियात शिरायला कोणी अडवत नाही. फक्त कोण शिरलं आणि काय करून गेलं, याची नोंद राहते.

प्रत्येक लेखामागे ‘इतिहास’ असतो: वेळ, सदस्याचं नाव, मजकूर किती वाढला-घटला याचा आकडा, आणि बदल का केला याची एक ओळ. ओळीत लिहिलेलं असतं, ‘शुद्धलेखन सुधारलं’. शेजारी लाल आकडा असतो, उणे २,४००. शुद्धलेखनाने एवढं वजन उतरत नाही. दोन परिच्छेद गेलेले असतात, बहुधा अडचणीचे.

इंग्रजी विकिपीडियावर चार दिवस आणि दहा संपादनं झाली की नव्या खात्याला थोडी मोकळीक मिळते. हौशी माणसाला हे ठाऊकही नसतं. काही खाती मात्र दहा ठिकाणी दहा स्वल्पविराम देतात, चार दिवस गप्प बसतात आणि पाचव्या दिवशी एखाद्या कंपनीचा नटवलेला लेख टाकतात. नवखा अडखळतो. न अडखळणाऱ्या नवख्याकडे जरा निरखून बघावं.

२०१५ साली ‘ऑरेंजमूडी’ प्रकरणात अशी ३८१ खाती बंद झाली. ज्यांचे लेख नाकारले गेले त्यांना गाठायचं, पैसे घेऊन लेख लावून द्यायचा, मग तो ‘सांभाळायला’ पुन्हा पैसे मागायचे. जागा नवी, धंदा हप्तेवसुलीचाच.

मतदान यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकेतल्या डीबोल्ड कंपनीच्या लेखातून २००५ मध्ये टीकेचे परिच्छेद नाहीसे झाले. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या विद्यार्थ्याने निनावी बदलांचे आयपी पत्ते कोणाचे, हे ताडून पाहणारं साधन तयार केलं. पत्ता कंपनीचाच निघाला. सही न करणारा निनावी असतोच असं नाही.

खात्यामागचा पत्ता मोजक्या विश्वासू तपासनीसांनाच दिसतो, आणि ती नोंदही तीन महिन्यांनी जाते. लिहिण्याची ठेवण मात्र राहते: तेच विशेषण, तीच चूक, रात्रीची तीच वेळ. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे खातं मेलं तरी खोड दुसऱ्या नावाने जन्म घेते.

चिनी विकिपीडियावर ‘झेमाओ’ या नावाने एक सदस्य वर्षानुवर्षं मध्ययुगीन रशियाचा इतिहास लिहीत होती. राजे, लढाया, काशिनची चांदीची खाण. २०२२ मध्ये उघड झालं की दोनशेहून अधिक लेखांत बनावट मजकूर आहे. त्या लेखांची तरफदारी करणारी काही खातीही तिचीच होती. ना शिवीगाळ, ना घाई, ना जाहिरात. संदर्भ भरगच्च होते. उघडून पाहणारं कोणी नव्हतं. ज्या पानावर सगळ्यांचं एकमत आहे तेही एकदा तपासावं. कधी कधी ते ‘सगळे’ एकच असतात.

पण संशयालाही खोड लागते. एकाच विषयावर लिहिणारा विकला गेलेलाच असेल असं नाही. एखाद्याला खरोखर फक्त किल्ल्यांचंच वेड असतं. एकाच पत्त्यावरची दहा खाती कट करणाऱ्यांची असतील, नाहीतर एखाद्या कॉलेजच्या संगणक कक्षातली. म्हणून विकिपीडियाचा जुना संकेत आहे: आधी सद्हेतू धरून चाला.

संशय माणसावर नाही, बदलावर घ्यावा आणि पुराव्यासह लेखाच्या चर्चापानावर मांडावा. चारचौघांत मांडता येत नाही तो संशय म्हणजे चहाडी.

संपादक श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या छापील ज्ञानकोशावर केतकरांचं नाव होतं. भांडायचं तर कोणाशी, हे वाचकाला माहीत होतं. इथे संपादक आपणच. तेव्हा जाबही आपल्यालाच विचारायला हवा.

पुढच्या वेळी एखादा लेख पटला, की त्यातला एक तरी संदर्भ उघडून बघा. दुवा मेलेला असेल, किंवा त्या पुस्तकात तसं काही नसेलच, तर चर्चापानावर तसं लिहा. आणि खाली सही करा.