उचल आणि फराळ

नाताळ जवळ आला की आम्हा ख्रिस्ती घरांत एक प्रश्न दरवर्षी येतो. आपल्याला जे मोलाचं वाटतं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचं का, आणि सांगायचं तर कसं? वडीलधाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: प्रेमानं सांगा, सौम्यपणे सांगा. पण सौम्य म्हणजे नेमकं काय? आवाज खाली ठेवणं, हसून बोलणं एवढंच? हसून तर सावकारही बोलतो.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हा फरक समजायला लांब जावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली गावंच्या गावं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नाताळ येतो तो ऐन हंगामात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, बाकीचे फडाजवळच्या कोप्यांत. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर रक्कम. उचल मिळते ती गरजेच्या वेळी, म्हणून नाही म्हणता येत नाही. आणि एकदा घेतली की ती फिटेपर्यंत निघून जाता येत नाही.

आता डिसेंबरच्या थंडीत अशा कोपीवर कुणी ब्लँकेट घेऊन गेलं आणि सोबत येशूच्या जन्माची गोष्टही सांगितली, असं समजा. देणाऱ्याचं मन स्वच्छ असेल. पण ऐकणाऱ्याला ब्लँकेट हवं आहे. त्यानं मान डोलावली ती गोष्टीला की ब्लँकेटला? हे मला कळणार नाही, कदाचित त्यालाही कळणार नाही. त्या क्षणी गोष्टीची उचल झालेली असते. म्हणून माझं मत असं, की ब्लँकेट द्यावं आणि गप्प परत यावं. गोष्ट सांगायची तर अशा दिवशी, जेव्हा आपल्या हातात देण्यासारखं काही नसेल.

येशूनंही लोकांना जेवू घातलंच ना, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण योहानाच्या शुभवर्तमानात पुढचा भागही आहे. भाकरी खाऊन लोक मागे लागले, तेव्हा तुम्ही पोट भरलं म्हणून मला शोधता, असं त्यानं तोंडावर सांगितलं. पुढे त्याचं बोलणं जड वाटून बरेच जण सोडून गेले. त्यांना त्यानं अडवलं नाही. उलट उरलेल्या बारा जणांना विचारलं, तुम्हालाही जायचं आहे का? मला सौम्यपणाची याहून चांगली व्याख्या माहीत नाही. ऐकणाऱ्याला काहीही न गमावता उठून जाता आलं पाहिजे.

कायदाही या प्रश्नाला भिडला आहे. संविधानाच्या २५ व्या कलमात धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. पण न्यायालयाला जबरदस्ती, आमिष, फसवणूक दिसू शकते. उपकाराचं ओझं दिसत नाही. ते ज्याचं त्यानंच तपासायचं.

मग गप्प बसणंच बरं नाही का? मला तसं वाटत नाही. शेजाऱ्यापासून आपली सगळ्यात खोल गोष्ट लपवणं म्हणजे त्याला वेगळा विचार पेलणार नाही असं ठरवून टाकणं. तोही एक अपमानच. रेव्हरंड ना. वा. टिळकांची हकीकत मराठी वाचकाला माहीत असते. १८९३ च्या सुमारास आगगाडीत एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. त्यांनी नवा करार हातात दिला आणि निघून गेले. टिळकांना त्यांचं नावही कळलं नाही, त्यामुळे आभाराचंही ऋण उरलं नाही. उरलं ते पुस्तक, वाचायचं किंवा ठेवून द्यायचं. टिळकांनी वाचलं आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. आधी ताटातूट, मग एका घरात दोन धर्म, आणि पुढे काही वर्षांनी त्यांचा स्वतःचा निर्णय. 'स्मृतिचित्रे' वाचताना तो निर्णय त्यांचाच होता हे पटत जातं.

मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला केकबरोबर करंज्या, शंकरपाळे, चकल्याही होतात. दिवाळीत शेजारून ताट आलेलं असतं, नाताळात आपलं जातं, आणि रिकामं ताट कुणी परत करत नाही. श्रद्धेचंही तसंच असावं. मी माझी गोष्ट सांगणार असेन, तर शेजारच्या काकांच्या वारीची आणि सप्ताहाची गोष्टही मला मनापासून ऐकता आली पाहिजे, आणि त्यातलं काही माझ्यात उतरेल ही शक्यता मान्य केली पाहिजे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं खुद्द टिळक म्हणत. मुकुंदराज आणि दासोपंतांची समाधी ज्या जिल्ह्यात आहे, तिथला ऐकणारा काही कोरी पाटी नसतो.

एखाद्याला ताटातली करंजी आवडली नाही, तरी पुढच्या दिवाळीला त्याच्याकडचं ताट येतंच. माझी गोष्ट नाकारल्यावरही ते येत राहणार असेल, तर ती सांगायला हरकत नाही.