अनंताच्या कळ्या

आजचा प्रश्न दिसायला फार लहान आहे. देवाला वाहण्यासाठी दुसऱ्याच्या दारचे फूल तोडले, तर ती चोरी होते काय? वारीत चालताना ह्या प्रश्नाची अडचण पडत नाही. गळ्यात तुळस असते, तेवढी पांडुरंगाला पुरते. पण वर्षाचे बाकीचे दिवस आपण घरी असतो, आणि घरी अंगण असते, अंगणाला भिंत असते.

माझ्या अंगणात फार काही नाही. पारिजातक, मोगरा, दोन जास्वंदी, तगर आणि भिंतीशी अनंत. पारिजातकाचा कोणाशी तंटा नाही. रात्री फुलतो, पहाटे आपणच सडा घालतो. भुईवर पडलेले फूल देवाला चालत नाही, हा नियमसुद्धा लोकांनी त्याच्यापुरता सोडून दिला आहे. मोगऱ्याचे पौषात पाणी तोडावे, छाटणी करावी, मग उन्हाळ्यात तो ओंजळी भरभरून देतो. त्यातली चार फुले कोणी नेली तर कळतही नाही. अनंताचे तसे नव्हे. तो मोजका फुलतो, आणि उद्या कोणती कळी उमलणार हे आदल्या सांजेलाच तिच्या फुगीवरून समजते. म्हणून मी रोज दिवेलागणीला कळ्या मोजतो. झाडाचे नाव अनंत, आणि आम्ही त्याची मोजदाद ठेवतो! असो.

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात, रात्री मोजलेल्या कळ्या सकाळी हिशेबाला भरेनात. चौथ्या दिवशी अंधारातच ओट्यावर जाऊन बसलो. आळीतली एक म्हातारी आली, भिंतीबाहेर झुकलेली फांदी तिने खाली ओढली आणि तीन फुले तोडली. मी ओरडलो. जे बोललो ते येथे लिहवत नाही. ती म्हणाली, "बुवा, रस्त्यावरची फांदी हाय. इठोबालाच घालते, डोईत न्हाई माळत." एवढे बोलून तिने तिन्ही फुले भिंतीवर ठेवली व गेली.

आता शास्त्र पाहू. गौतमाच्या धर्मसूत्रात गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि वेली-वृक्षांची फुले आपलीच समजून घेण्याची मोकळीक आहे. कुंपण नसावे ही अट घातली आहे ती फळांना. पाठशाळेत घोकलेले हे वचन मला आजही पाठ आहे. पण त्या सकाळी मी काय केले? फळांची अट ओढून फुलांवर आणली, भिंत मी बांधली आहे असे म्हटले, आणि स्वतःला निर्दोष ठरवून मोकळा झालो. अहो, ती अट फुलांना लावली तरी फांदी भिंतीबाहेरच होती! शिकलेल्या माणसाची ही एक सोयच आहे. राग आधी येतो, वचन मागाहून सापडते.

येथे कोणी म्हणेल, "बुवा, खतपाणी तुमचे, मशागत तुमची, न विचारता घेणे हा दोषच." खरे आहे. विचारून घ्यावे, झाडावर चार फुले ठेवावी, फांदी मोडू नये, हे मलाही मान्य आहे. पण मग ह्या झाडाचे मूळच सांगतो. दुहेरी पाकळ्यांच्या अनंताला बी धरत नाही. पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. तो फांदीनेच लावायचा. म्हणजे जिथे जिथे असा अनंत आहे, तो कोणाच्या तरी दारच्या अनंताची फांदी आहे. माझा कोठला? पस्तीस वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहाला गेलो होतो. काल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. होती. यजमान निजलेले. त्यांच्या अंगणातली वीतभर फांदी मोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि टाळांच्या पिशवीत घातली. निजलेल्या माणसाला कशाला उठवा, हे तेव्हाचे माझे वचन.

भिंतीवरची तीन फुले परडीत घेऊन देव्हाऱ्यापुढे बसलो, आणि हात थांबला. माझी म्हणावी, तर संकल्प तिचा होऊन गेलेला. तिची म्हणावी, तर मी हिसकावलेली. दोन्हीकडून मला ती वाहता येईनात. त्याच रात्री कीर्तन होते सावतोबांवर. अरणचे हे माळीबुवा इ. स. १२९५ मध्ये समाधिस्थ झाले. मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला, असे परंपरा सांगते. हे निरूपण मी शेकडो वेळा केले असेल. त्या रात्री मध्येच मनात आले, त्या मळ्याला कुंपण होते काय? आणि पुढचे पदच आठवेना. टाळकऱ्यांनी सावरून घेतले म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारी गेलो. नवी उमललेली दोन फुले नेली आणि कालची तीनही. अनंत दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो. ती पिवळी फुले पुढे करताना मला संकोच वाटला. तिने पाचही पदरात घेतली. म्हणाली, "पिवळी झाली म्हणून काय झालं बुवा, वास हाय की अजून."

आता ती उजेडी येते. गेल्या माघात छाटणी केली, तेव्हा भिंतीबाहेरची फांदी राखली. मोजणे मात्र सुटलेले नाही. सांज झाली की पाय तिकडे वळतात, आणि बाहेरच्या फांदीवरच्या कळ्यासुद्धा मी मोजतो.