विकतची सेवा की खरी सेवा?

ज्येष्ठात कोथळी-मुक्ताईनगराहून आदिशक्ती मुक्ताईची पालखी पंढरीस निघते. महिनाभराच्या वर चालण्याची ही वाट. बोदवड पंचक्रोशीतल्या वारकऱ्याचे पाय शिवशिवतात. पण घरी अंथरुणाला खिळलेली माय असते. पोरगा सुरतेला, सून शेतात. अशा वेळी पगारावर बाई ठेवली की शेजारी लगेच बोलतात, "बघा, पोटच्या पोरांनी सेवा विकत आणली!" ही निंदा खरी आहे काय, याचा वारकरी मायबापांनी आमच्याबरोबर थोडा विचार करावा.

प्रथम सेवेकरी किती प्रकारचे, ते पाहू. पहिले घरचे माणूस. त्याला आजाऱ्याची आवड-निवड, खोड-स्वभाव ठाऊक. दुसरी पगारी मदतनीस. ती आंघोळ घालते, भरवते, सोबत बसते. तिसरी शिकलेली परिचारिका. इंजेक्शन, नळी, जखमेची मलमपट्टी हे तिचे काम, तिथे आपला अडाणी हात घालू नये. अर्धांगवायू झालेल्याला हातपाय हलवायला शिकवणारा व्यायामतज्ज्ञ हा चौथा. गावची आशाताई घरी राबायला नसते, पण दवाखान्याची वाट तिला ठाऊक असते. कोणते काम कोणाचे हे ओळखणे, हीच सेवेची पहिली पायरी.

आता मूळ प्रश्न. खाटेवरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा पडतात. घास भरवताना त्याला उठते बसवावे लागते, नाही तर ठसका लागून अन्न श्वासनळीत जाते. साखरेचा आजार असेल तर पावले रोज तपासावी लागतात. मध्यरात्री पगारी बाई उठून म्हातारीची कूस बदलते आणि लेक शेजारच्या खोलीत घोरतो. सांगा, सेवा कोणाची घडली? पगार घेतल्याने सेवा बाटत नाही, हेळसांडीने बाटते. मात्र पैशाने हात मिळतात, लेकाचे दोन शब्द मिळत नाहीत. ते त्यालाच बोलावे लागतात. आणि त्या बाईचा पगार वेळेवर, जेवण पोटभर, आठवड्यातून एक सुट्टी, एवढे तरी द्यावे. तिच्याही घरी कोणी म्हातारे असेलच की!

पुंडलिकाची कथा आपण नेहमी सांगतो. तो मायबापांच्या सेवेत होता, म्हणून देव विटेवर थांबला. पण संत सखूची कथा त्याहून बोचरी आहे. ती पंढरीस गेली तेव्हा तिच्या रूपाने देव सासरी राबला, असे परंपरा सांगते. देवाला का यावे लागले? कारण त्या भरल्या घरात तिच्या जागी उभे राहणारे दुसरे कोणी नव्हते! आजही आपण टाळ घेऊन निघतो ते बहुधा सुनेच्या जिवावर. तिला ना पगार, ना सुट्टी, ना वारी. पगारी बाईला नावे ठेवणारा या बिनपगारी बाईचा हिशेब कधी मांडतो काय?

सन 2007 च्या कायद्याने मायबापांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला. पोटगीसाठी प्रांताधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. साठीपुढच्यांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा पोटगी देववील, कूस बदलणार नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पताका खांद्यावर घेण्याआधी घरात बसून ठरवावे: रात्री कोण उठणार, औषध कोण देणार, अडचणीत कोणाला बोलवायचे. आजाऱ्याला विचारावे, सुनेलाही विचारावे. एक वर्ष आपण जावे, पुढच्या वर्षी तिला पाठवावे आणि खाटेपाशी आपण बसावे. ज्या वर्षी कोणीच मिळणार नाही, त्या वर्षी घरीच राहावे. पुंडलिकासाठी जो थांबला, तो आपल्यासाठीही एक आषाढी थांबेल.

रामकृष्णहरी!