घाम आपला, रास कोणाची?



सोयाबीनची मळणी आटोपली, घरात पोत्यांची थप्पी लागली, की कास्तकार अभिमानाने म्हणतो, "हे माझ्या घामाचे आहे." त्यात खोटे काही नाही. पण ते पुरते खरे आहे का?

आपल्या जिल्ह्यातले लोणारचे सरोवर आठवा. पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी, तरी वर्षानुवर्षे हिरवे दिसत आलेले. (जून 2020 मध्ये ते गुलाबी झाले होते, ती गोष्ट वेगळी.) तो हिरवा रंग स्पिरुलिनासारख्या सूक्ष्म जीवांचा. तिथे कोणी पेरले नाही, डवरले नाही. उन्हाच्या बळावर ते आपले अन्न आपणच तयार करतात.

आपल्या शेतातले पानही तेच करते. बारीक छिद्रांतून ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, मुळे पाणी पाठवतात. हरितद्रव्य ऊन पकडते. त्या शक्तीने पाणी फुटते, ऑक्सिजन बाहेर पडतो, आणि पाण्यातला हायड्रोजन व हवेतला कार्बन यांच्यापासून साखर बनते. ऊन त्या साखरेत साठून राहते. पुढे तेच दाण्यात उतरते.

सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट या संशोधकाने मोजून घेतलेल्या मातीत वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे 75 किलोंनी वाढले. माती 60 ग्रॅमही घटली नाही. सगळे पाण्यातूनच आले, असे त्यांना वाटले. हवेचा वाटा पुढे कळला. म्हणजे आपल्या पोत्यातले बहुतेक वजन हवेचे आणि पाण्याचे. सात-बारा जमिनीचा असतो. हवेचा आणि उन्हाचा सात-बारा कोणाच्या नावावर आहे?

जमिनीतून मिळणाऱ्या उपयोगी वस्तूंत दहातले नऊ हिस्से श्रमाचे, असे त्याच शतकातल्या जॉन लॉक यांनी मांडले. सेमिनरीत आम्ही ते मान डोलावून ऐकले. आज ते आम्हांला पटत नाही. आणि श्रमाचाच हिशेब धरायचा, तर निंदणाऱ्या मजूर बायांचा हिस्सा किती?

मग घाम कशाला गाळायचा, असे कोणी विचारील. संत थॉमस अक्वायनस यांनी खासगी मालकी मान्य केली, कारण आपले म्हटले की माणूस नीट राखतो. पण वापराच्या वेळी गरजवंताला देण्याची तयारी हवी, हेही त्यांनी लगेच जोडले. कर्जाने आणि पडलेल्या भावाने वाकलेल्या कास्तकाराला हे ऐकवणे आम्हांलाही जड जाते. तरी सरवा वेचायला आलेल्या म्हातारीला बांधावरून हाकलताना "माझे आहे" हा शब्द आपण फार सहज उच्चारतो.

शेताचे कोपरे पुरते कापू नका, सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, अशी आज्ञा लेवीयच्या पुस्तकात आहे. कोपरा केवढा, ते तिथे सांगितलेले नाही.