यंत्र, ग्रंथ आणि उत्तरदायित्व

संगणकावरची पुस्तके फार लवकर म्हातारी होतात, अशी तक्रार ग्रंथप्रेमी मंडळी नेहमी करीत असतात. ती खोटी नाही. १९९० च्या सुमारास डॉस आणि वर्डस्टार शिकवणारी जी जाडजूड पुस्तके लोकांनी हौसेने विकत घेतली, त्यांना आज रद्दीवाला वजनापलीकडचा भाव देत नाही. ज्ञानेश्वरी सात शतके उलटून गेल्यावरही वाचली जाते आणि फ्लॉपी यंत्रात कशी घालावी हे सांगणारे पुस्तक पंधरा वर्षांत अर्थहीन होते, हे पाहून हा विषयच ग्रंथाला योग्य नव्हे, असे कोणी म्हणू लागला तर नवल नाही.

परंतु आमच्या मते येथे दोष विषयाचा नसून प्रश्नाचा आहे. ‘हे यंत्र कसे चालवावे?’ एवढाच प्रश्न जे पुस्तक विचारते, त्याचे आयुष्य यंत्राच्या आयुष्याएवढेच असणार. नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली ‘द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा संगणक खोलीएवढे होते आणि आंतरजालाचा पत्ताही नव्हता. पुढे १९५५-५६ साली हेच गृहस्थ कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते. त्यांच्या पुस्तकाच्या काळातले ते संगणक आज वापरात नाहीत. पुस्तक मात्र शिळे झालेले नाही. कारण माणसाला यंत्राच्या सुट्या भागासारखे वापरणे ही त्याची मानहानी आहे, आणि निर्णयाचा भार यंत्रावर टाकून जबाबदारीतून सुटता येत नाही, असे त्यांचे सांगणे होते. ते माणसांविषयीचे होते, म्हणून टिकले.

हा भेद केवळ ग्रंथसमीक्षेचा नाही, नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते; आणि ज्या शहरात राहून आम्ही हे लिहीत आहोत ते शहर या विचाराला विशेष साक्ष देणारे आहे. चंदीगड हे आधी कागदावर आखून मग वसवलेले नगर. घराला राहण्याचे यंत्र मानणाऱ्या ल कॉर्बूझिए यांनी त्याची आखणी केली. सेक्टरांना नावांऐवजी क्रमांक आहेत, रस्ते काटकोनात छेदतात. नागरिकांची बिले आणि दाखले एकाच खिडकीवर व्हावेत म्हणून येथे २००४ साली ई-संपर्क केंद्रे निघाली. नव्या यंत्राला चंदीगडने दार उघडण्यास कधी फारसा विलंब लावला नाही. म्हणूनच यंत्राचे गुण आणि त्याने निर्माण केलेले पेच, दोन्ही येथे लवकर दिसतात. त्यांतले दोन वाचकांपुढे ठेवतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये चंदीगडात स्वस्त धान्याच्या वाटपाऐवजी शिधापत्रिकाधारकांच्या बँकखात्यात थेट रोख रक्कम जमा करण्याची योजना सुरू झाली. हेतू चांगला होता. मापात मारणारा दुकानदार आणि मधली गळती, दोन्ही एका फटक्यात टळणार होती. सुरुवातीच्या काळात अर्थशास्त्रज्ञांनी लाभार्थ्यांच्या घरी जाऊन पाहणी केली, तेव्हा एक विचित्र विसंगती आढळली. सरकारी नोंदींत पैसे पोहोचल्याचे दिसत होते, आणि ज्यांना ते पोहोचले असे नोंद म्हणत होती त्यांतले पुष्कळजण ‘आम्हांला मिळाले नाहीत’ असे सांगत होते. कोणाला रक्कम कुठल्या खात्यात जमा झाली हेच ठाऊक नव्हते. पुढच्या फेऱ्यांत परिस्थिती सुधारत गेली, हेही नमूद केले पाहिजे. तरी पेच उरतोच. नोंद म्हणते ‘दिले’, माणूस म्हणतो ‘मिळाले नाही’. विश्वास कोणावर ठेवावा? नोंद खोटी नव्हती, माणूसही खोटा नव्हता. दोहोंच्या मध्ये कोणीतरी असायला हवे होते, तेथे कोणी नव्हते.

दुसरे उदाहरण २०२० च्या सुमाराचे. येथील महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचे ठिकाण सतत कळवणारी घड्याळे बांधली. असाच प्रयोग नागपूर महापालिकेनेही केलेला असल्यामुळे मराठी वाचकांस तो परका वाटू नये. कामगार ठरलेल्या गल्लीत आहे की नाही, हे अधिकाऱ्याला पडद्यावर ठिपक्यांच्या रूपाने दिसे. कामचुकारपणाला आळा बसेल, असे त्याचे समर्थन होते. कामगारांनी निदर्शने केली. घड्याळ बिघडले तर वेतन कापले जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठी गोष्ट अशी की, घड्याळात कॅमेरा आणि ध्वनिग्राहक असल्यामुळे, विशेषतः स्त्रियांना, आपल्या खाजगी क्षणांवरही कोणाची नजर आहे असे वाटू लागले. झाडू किती वेळा फिरला, नाली कोणत्या अवस्थेत होती, हातमोजे मिळाले होते की नाही, यांपैकी काहीही ठिपक्याला कळत नाही. ठिपक्याला फक्त जागा कळते. आणि जे ठिपक्याला कळते तेवढेच काम, असे एकदा ठरले की माणसाचे ठिपक्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप असा की, यंत्र वापरण्यासाठी ते समजलेच पाहिजे असे कोठे आहे? १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, तेव्हापासून कोट्यवधी माणसे बाष्पाचे शास्त्र न शिकता सुखाने प्रवास करीत आली. हे खरे आहे. परंतु आगगाडीचे इंजिन आपल्याला नेते. आपल्याविषयी साक्ष देत नाही. हा मनुष्य कामावर होता, ही बाई लाभार्थी आहे, याचा हप्ता थकला आहे, असे इंजिन बोलत नाही. संगणक बोलतो. जो साक्ष देतो त्याची उलटतपासणी झाली पाहिजे, हा न्यायाचा जुना नियम आहे. आणि साक्षीदार काय पाहू शकतो, काय पाहू शकत नाही, हे ज्याला माहीत नाही त्याला उलटतपासणी करता येत नाही. म्हणून संगणक समजून घेणे ही आता केवळ जिज्ञासेची बाब राहिलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्र निदान निःपक्षपाती तरी असते. माणूस लाच खातो, जात पाहतो, हेलपाटे घालायला लावतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला विचारावे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावरून मिळू लागला, तेव्हा तलाठ्याच्या दारात ताटकळण्याचा त्याचा केवढा त्रास वाचला! ही सुधारणा हलकी लेखणाऱ्याने ते हेलपाटे कधी घातलेले नसावेत. पण त्याच सातबाऱ्यावर नाव चुकीचे चढले असेल तर काय? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, १५५ व्या कलमात लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. नोंद चुकू शकते आणि ती सुधारण्यासाठी एक जबाबदार माणूस लागतो, हे कायदा करणाऱ्यांनी संगणक येण्यापूर्वीच ओळखले होते. यंत्र लाच खात नाही, हे मान्य. परंतु त्याच्यात भरलेली चूकही ते तितक्याच निर्विकारपणे सर्वांपुढे मांडते. मग चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला दुष्ट माणसाची गरज उरत नाही. एक चुकीचा आकडा पुरतो.

जोसेफ वायझेनबॉम या संगणकशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसाशी टंकलिखित संवाद करणारी ‘एलायझा’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. ती बोलणाऱ्याचेच शब्द थोडे फिरवून त्याला परत विचारी. समजत तिला काहीच नव्हते. तरी माणसे तिच्यापाशी मन मोकळे करू लागली. ते पाहून निर्माताच अस्वस्थ झाला आणि १९७६ साली त्याने एक पुस्तक लिहिले. संगणकाला काय करता येईल हा एक प्रश्न आणि त्याला काय करू द्यावे हा वेगळा प्रश्न, हे त्याचे सार. आज प्रत्येक खिशात एलायझाच्या कितीतरी हुशार पणत्या वावरत असताना हा भेद अधिकच जपला पाहिजे. आकडेमोड सोपवता येते. विवेक सोपवता येत नाही.

आता हा प्रश्न आपल्या वाचकवर्गाच्या दारी आणून सोडतो. परप्रांतात नोकरीनिमित्त स्थिरावलेले आपण मराठी लोक बहुधा या यंत्राच्या सोयीच्या बाजूला उभे असतो. घड्याळ सफाई कामगाराच्या मनगटावर असते. स्वच्छ रस्ता आपल्याला मिळतो. जेवण घरी आणून देणाऱ्या तरुणाला आपण भ्रमणध्वनीवर दोन तारे देतो की पाच, हा आपल्या दृष्टीने बोटाचा खेळ असतो. त्याच्या दृष्टीने तो रोजगाराचा प्रश्न असू शकतो. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला दोन शब्द सुनावताना त्याचे उत्तर ऐकावे लागते. तारा देताना ऐकावे लागत नाही. न ऐकता निवाडा करण्याची ही सोय हाच या युगाचा सर्वांत मोठा मोह आहे, असे आमचे मत आहे. आणि तो मोह कोणत्याही सरकारचा नसून आपल्या प्रत्येकाचा आहे.

मग पुस्तकांनी काय करावे? मराठीत संगणकविषयक लेखन नाही असे नाही. अच्युत गोडबोले यांच्या ‘संगणकयुग’सारख्या पुस्तकाने या शास्त्राचा परिचय मराठीत करून दिला. महाराष्ट्रात २००२ पासून चाललेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लक्षावधी लोकांचा हात कळफलकावर बसवला. ही मोठीच कामे आहेत. त्यांच्या पुढची पायरी म्हणजे, ज्याच्यावर यंत्राचा निवाडा होतो त्याला आपल्या भाषेत प्रश्न विचारायला शिकवणारे पुस्तक. ही नोंद कोणी केली? ती कोण तपासतो? चुकली तर मी कोणत्या माणसाकडे जावे, आणि त्याने मला किती दिवसांत उत्तर द्यावे? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले; परंतु जो हक्क मागण्यासाठी शब्द सापडत नाहीत तो निकालपत्रातच राहतो. शब्द पुरवणे हे साहित्याचे काम आहे.

या नगराच्या आराखड्यात कॉर्बूझिए यांनी उघड्या हाताच्या भव्य शिल्पाजवळ जमिनीत खोल उतरणारी एक जागा योजली. नागरिकांनी तेथे बसून सार्वजनिक प्रश्नांवर चर्चा करावी, अशी त्यांची कल्पना होती. शिल्प १९८५ साली उभे राहिले आणि वाऱ्याबरोबर ते फिरते. यंत्रावर एवढी श्रद्धा असलेल्या माणसालाही काटेकोर आखणी केल्यावर बोलण्यासाठी जागा ठेवावीशी वाटली, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. संगणकाच्या योजना आखणाऱ्यांनी तशी जागा ठेवावी. त्यांनी ती ठेवली नाही, तर ती मागणे हे वाचणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि ज्याच्याविषयी आपण निवाडा करीत आहोत त्याचे म्हणणे, बोट उचलण्यापूर्वी, एकदा तरी ऐकून घेणे हे आपल्या प्रत्येकाचे.